गळून पडलेलं ‘म्हणे’

बेळगावच्या राणी चन्नम्मा चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर एकच बातमी दोन भाषांतून पडते. कन्नडमधून आली, तर क्रियापदाच्या शेवटाला एक छोटा प्रत्यय चिकटलेला असतो. पुस्तकी कन्नडमध्ये ‘बिडुगडे आयितंते’, आपल्याकडच्या बोलीत ‘बिडुगडी आतंत’. म्हणजे ‘सुटका झाली म्हणे’. एवढ्याशा प्रत्ययातून बोलणारा कबूल करतो की हे मी ऐकलंय, पाहिलेलं नाही. कन्नडात तो क्रियापदाचाच भाग होऊन बसतो, त्यामुळे सहजी गळत नाही. मराठीतलं ‘म्हणे’ मात्र वाक्याच्या टोकाला सुटं उभं असतं. घाई झाली की पहिलं तेच पडतं.

टिम फेलबाउम या स्विस दिग्दर्शकाचा २०२४ चा ‘सप्टेंबर ५’ हा सिनेमा मला या एका शब्दाचा सिनेमा वाटतो. वरवर पाहता तो १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या ओलीसनाट्याचा आहे. पण कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीच्या क्रीडा विभागाच्या कंट्रोल रूममध्येच थांबतो. ओलीस दिसतात ते तिथल्या मॉनिटरवर, हल्लेखोर दिसतो तोही मॉनिटरवर. पोहणं आणि मुष्टियुद्ध दाखवायला गेलेली माणसं एका सकाळी गोळ्यांचे आवाज ऐकतात आणि त्यांच्यासमोर प्रश्न उभा राहतो: हे आपण दाखवायचं का, आणि कसं? न्यूयॉर्कमधला वृत्तविभाग बातमी आपल्याकडे मागतो, क्रीडा विभागाचा प्रमुख रून आर्लेज ती सोडत नाही. कारण कॅमेरे त्याच्याकडे आहेत आणि घटनास्थळ हाकेच्या अंतरावर आहे.

घडलं ते थोडक्यात असं. ५ सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास ‘ब्लॅक सप्टेंबर’ या पॅलेस्टिनी संघटनेचे आठ जण कुंपण चढून ऑलिंपिक ग्राममध्ये शिरले. कोनोलीश्ट्रासेवरच्या ३१ क्रमांकाच्या इमारतीत इस्रायली संघ राहत होता. कुस्तीचे प्रशिक्षक मोशे वाइनबर्ग आणि वेटलिफ्टर योसेफ रोमानो यांना त्यांनी मारलं आणि नऊ जणांना ओलीस धरलं. इस्रायलच्या तुरुंगांतले दोनशेहून अधिक कैदी सोडा, ही मागणी. मुदत सकाळी नऊची होती. ती दुपारी बारा, मग एक, तीन, पाच अशी पुढे सरकत गेली.

आता कंट्रोल रूम. सिनेमाने जुनी यंत्रं संग्राहकांकडून आणि संग्रहालयांतून मिळवून मांडली आहेत, आणि बारकाईने पाहिलं तर त्या यंत्रांतच निम्मी गोष्ट आहे. पडद्यावर अक्षरं उमटवायची तर काळ्या फळीवर पांढरी अक्षरं हाताने एकेक करून लावायची, त्या फळीवर कॅमेरा रोखायचा आणि ते चित्र दुसऱ्या चित्रावर चढवायचं. एक ओळ तयार व्हायला मिनिटं लागतात. अक्षर शोधणारी बोटं फळीवर फिरत असताना त्या ओळीचा पुन्हा विचार करायला वेळ मिळतो. आज पडद्याखालची बातमीची पट्टी टाइप करायला दहा सेकंद पुरतात. यंत्राने वाचवलेला तो वेळ विचारातून कापला गेला, असं मला वाटतं.

बाहेर फिरणाऱ्या कॅमेऱ्यांत सोळा मिलिमीटरची फिल्म. तिच्या एका फुटात चाळीस चौकटी. सेकंदाला चोवीस चौकटींच्या वेगाने शंभर फुटांचं रीळ पावणेतीन मिनिटांत संपतं, चारशे फुटांचं अकरा मिनिटांत. संपलं की डबा कंट्रोल रूमपर्यंत पोचवायचा, फिल्म धुवायची, वाळवायची आणि मग यंत्रावर चढवून दाखवायची. ग्रामला पोलिसांचा वेढा पडल्यावर डबे आतबाहेर नेण्यासाठी एका तरुणाला खेळाडूचे कपडे घालून, डबे अंगाला बांधून पाठवलं जातं. म्हणजे फिल्मवरचं प्रत्येक दृश्य पडद्यावर यायच्या आधीच शिळं झालेलं होतं, आणि ते शिळं आहे हे कंट्रोल रूममधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

थेट चित्र फक्त मोठ्या, केबलला बांधलेल्या स्टुडिओ कॅमेऱ्यातून येई. तसा एक जड कॅमेरा माणसं ढकलत बाहेर नेतात आणि उंचवट्यावरून ३१ क्रमांकाच्या सज्जावर रोखतात. उपग्रहाची वेळ वाहिन्यांना वाटून दिलेली असते. सीबीएस या दुसऱ्या अमेरिकन वाहिनीची वेळ आली की चित्र त्यांच्याकडे जाणार. त्यावर घासाघीस होते, चित्र वाटून घेतलं जातं, आणि आपलं चित्र कोणाचं हे कळावं म्हणून एबीसीची तीन अक्षरं कोपऱ्यात कायमची बसवली जातात. ग्राममध्ये लपून राहिलेला वार्ताहर पीटर जेनिंग्ज फोनवरून बोलतो. त्याचा आवाज फोनमधून थेट प्रक्षेपणात आणण्यासाठी तंत्रज्ञ तारा जोडत बसतात.

बेळगाव, खानापूर, निपाणीत बातमीदारी करणाऱ्याला यातलं काहीच परकं वाटणार नाही. पाठीवरच्या लाइव्ह बॅगेत चार-सहा सिमकार्डं असतात. यंत्र एकाच चित्राचे तुकडे करून सगळ्या सिमांवरून पाठवतं आणि पलीकडे जोडतं. सिमं होईल तितकी वेगवेगळ्या कंपन्यांची हवीत, कारण एकाच कंपनीची चार सिमं एकाच टॉवरवर भांडतात. चौकात पाच हजारांचा जमाव असेल आणि त्यातला प्रत्येक जण मोबाइलवरून चित्रण टाकत असेल, तर टॉवर भरून जातो, चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो. चोर्ला घाटात शिरलं की रेंजच जाते. कोगनोळी नाक्यावर फोन कधी कर्नाटकचं नेटवर्क पकडतो, कधी महाराष्ट्राचं, आणि त्या अदलाबदलीत जोडणी तुटते.

चित्र तुटलं की काय होतं, ते नीट समजून घ्यायला हवं. डेस्क, म्हणजे वाहिनीच्या कचेरीत बातम्या लावणारी माणसं, म्हणतं, फोनो घ्या. स्ट्रिंगर, म्हणजे वाहिनीचा गावातला बातमीदार, फोनवरून बोलतो. त्याच्या आवाजाखाली दाखवायला चित्र हवं, म्हणून सकाळची दृश्यं लूपवर लावली जातात. ती नसली तर गेल्या वर्षीची. आवाज आत्ताचा, चित्र जुनं आणि कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘लाइव्ह’. घरी बसलेल्या माणसाला आवाज आणि चित्र एकाच क्षणाचे वाटतात. एक जळालेली बस तासाभरात चाळीस वेळा जळते. कोल्हापुरात बसून ते पाहणाऱ्याला चाळीस बसा जळाल्यासारखं वाटतं आणि त्याच्या गावातला कर्नाटकचा फलक असलेला ट्रक अडवला जातो. इलाज साधा आहे: दृश्याच्या कोपऱ्यात ते टिपल्याची वेळ आणि तारीख लावणं. ‘सकाळी ९.४० चे दृश्य’ एवढं लिहायला कोणतंही यंत्र विकत घ्यावं लागत नाही.

बेळगावपासून मुंबई साधारण पाचशे किलोमीटर आणि बेंगळुरूही तेवढंच. मराठी वाहिन्यांचं डेस्क एका टोकाला, कन्नड वाहिन्यांचं दुसऱ्या. दोन्ही डेस्कवरच्या माणसांना गाव ठाऊक नसतं. फोनवरचा संवाद साधारण असा होतो:

‘दादा, बस पेटवली ना?’

‘पेटवली म्हणतायत सर. मी अजून नाक्यावरच आहे, पुढं सोडत नाहीत.’

‘एसटी की कर्नाटकची?’

‘एसटीच म्हणतायत सगळे. बघतो सर, पाच मिनिटं द्या.’

‘तुम्ही फोनवर राहा दादा, आम्ही घेतोय.’

त्या पाच मिनिटांच्या आत पट्टी लागते: ‘सीमाभागात एसटी पेटवली’. या संवादात कुणी खोटं बोललेलं नाही. स्ट्रिंगरने दोन्ही वेळा ‘म्हणतायत’ म्हटलं, सावधपणे म्हटलं. डेस्कवरच्या माणसाने ते ऐकलंही. पण मोठ्या ब्रेकिंगच्या पट्टीत पाच-सहा शब्द बसतात, आणि कात्री चालवायची वेळ आली की ‘म्हणतायत’ पहिलं जातं. ते गेल्याने वाक्य तुटत नाही. उलट जास्त ठाम वाटतं, आणि पट्टीला ठामपणा आवडतो. पुढे पट्टी पाहून दुसरी वाहिनी तीच बातमी घेते. मग पहिल्या वाहिनीचं डेस्क दुसऱ्या वाहिनीकडे पाहून म्हणतं, बघा, त्यांच्याकडेही आहे. एकाच माणसाच्या अर्ध्या वाक्याचे असे दोन दुजोरे होतात.

दुजोरा याचा अर्थ दुसरं तोंड असा नाही, दुसरे डोळे असा आहे. एकच व्हॉट्सअॅप संदेश वाचलेले दोन पोलीस अधिकारी हे दोन स्रोत होत नाहीत. बसचा वाहक आणि समोरचा टपरीवाला हे दोन स्रोत होतात, कारण दोघांनी वेगवेगळ्या जागेवरून पाहिलं. आगाराच्या नियंत्रकाला फोन लावून ‘तुमच्या किती गाड्या परत आल्या नाहीत’ असं विचारणं हा आणखी चांगला मार्ग, कारण त्याच्याकडे वही असते आणि वहीला घाई नसते.

सिनेमात हे सगळं एका पात्राभोवती गोळा झालंय. मारियान ही जर्मन तरुणी दुभाषी म्हणून कंट्रोल रूममध्ये आहे. लिओनी बेनेश या अभिनेत्रीने केलेली ही भूमिका काल्पनिक आहे, प्रत्यक्षातली कोणी एक व्यक्ती नाही. खोलीतल्या अमेरिकनांना जर्मन येत नाही. पोलिसांचा वायरलेस, जर्मन रेडिओ, जर्मन टीव्ही, सगळं तिच्या कानातून खोलीत येतं. सुरुवातीला तिला कॉफी आणायला सांगतात. तासाभरात अख्खं प्रक्षेपण तिच्या वाक्यावर तोललेलं असतं. आपल्याकडे अशा मारियान गल्लोगल्ली आहेत. ठाण्यातला हवालदार कन्नडमध्ये बोलतो, मराठी पत्रकाराशेजारी उभा असलेला छायाचित्रकार हळूच अर्थ सांगतो. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, बाजारात दोन्ही, अशी वाढलेली ही माणसं. त्यांचं काम फार अवघड आहे आणि त्यांना त्याचं श्रेय क्वचित मिळतं. ‘ओत्तेयाळू’ म्हणजे ओलीस, हा शब्द शब्दकोशातही सापडतो. पण ‘आतंत’ मधला शेवटचा ‘अंत’ ओढून मराठीत आणायचा, हे फक्त त्यालाच जमतं ज्याला दोन्ही भाषांत अफवा ऐकायची सवय आहे. जर्मनमध्येही ‘झोलेन’ या क्रियापदाने हीच छटा येते: अमुक झालं असं सांगतात. प्रत्येक भाषेने या सावधगिरीसाठी जागा ठेवली आहे, कारण प्रत्येक भाषा बोलणाऱ्यांनी अफवेचे चटके सोसलेत.

दुपारचा एक प्रसंग सिनेमाचा कणा आहे. ट्रॅकसूट घातलेले, बंदुका घेतलेले जर्मन पोलीस ३१ क्रमांकाच्या छतावर चढतात. वायुवीजनाच्या मार्गाने आत घुसायचा बेत आहे. कॅमेरे ते टिपतायत. आणि मग कंट्रोल रूममध्ये कुणाच्या तरी लक्षात येतं की खेळाडूंच्या खोल्यांत टीव्ही आहेत. त्या खोल्यांची वीज कुणी तोडलेली नाही. छतावर काय चाललंय ते ओलीस धरणारे आपल्याच टीव्हीवर पाहतायत. प्रत्यक्षातही ही मोहीम सोडून द्यावी लागली. त्या छताकडे रोखलेले कॅमेरे एका वाहिनीचे नव्हते, त्यामुळे कुणाच्या चित्राने घात केला हे एका वाहिनीवर ढकलता येत नाही. पण सिनेमात त्या क्षणी खोलीतल्या चेहऱ्यांवर जे दिसतं, ते पुन्हा पुन्हा पाहावं असं आहे. आपण प्रेक्षकासाठी काम करतोय असं त्यांना वाटत होतं. प्रेक्षकांत तो सज्जातला माणूसही होता.

२३ ऑगस्ट २०१० ला मनिलात हेच झालं. बडतर्फ पोलीस अधिकाऱ्याने पर्यटकांची बस धरली, बसमध्ये टीव्ही होता, आणि आपल्या भावाला पोलीस पकडून नेतायत हे त्याने त्या टीव्हीवर पाहिलं. हाँगकाँगचे आठ पर्यटक मेले. त्याआधी २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईत नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो अख्ख्या देशाने थेट पाहिले, आणि पाकिस्तानात फोन धरून बसलेल्या सूत्रधारांनीही. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या त्या वागण्यावर कडक शब्दांत टीका केली. २०१५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांत भर पडली: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच. नियम चांगला आहे, पण तो तेवढ्यापुरताच आहे. चौकातल्या दगडफेकीला तो लागू होत नाही, आणि मोबाइलवरून स्वतःच्या खात्यावर थेट दाखवणाऱ्या तरुणालाही नाही. आपल्या भागात आज जास्त लोक त्या तरुणालाच पाहतात.

म्हणून काही गोष्टी हाताच्या सवयीत उतरायला हव्यात. पोलिसांची रांग कुठून येतेय हे दिसेल अशी लांबची चौकट थेट दाखवू नये. ती टिपून ठेवावी आणि रांग पोचल्यावर सोडावी. दुकानाची पाटी, बसचा क्रमांक, वाहकाच्या छातीवरची नावाची पट्टी चौकटीबाहेर ठेवावी. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका वाहकाच्या मारहाणीनंतर दोन्ही राज्यांतल्या बससेवा कशा अडल्या, हे सगळ्यांना आठवत असेल. अशा वेळी एखाद्या वाहकाचं नाव आणि गाव पडद्यावर जाणं म्हणजे त्याच्या घराचा पत्ता जमावाच्या हातात देणं आहे. थेट चित्र आणि पडदा यांत काही सेकंदांचं अंतर मुद्दाम ठेवता येतं. लाइव्ह बॅगेतून येणाऱ्या चित्राला एक-दोन ते चार-पाच सेकंद उशीर तसाही होतो. पण नुसता उशीर असून भागत नाही. त्या सेकंदांत चित्र तोडायचा अधिकार असलेला एक माणूस बटणावर बोट ठेवून बसलेला हवा, आणि त्याला वरून कुणी ‘का तोडलंस’ असं विचारायचं नाही, हे आधी ठरलेलं हवं. बहुतेक ठिकाणी त्याच माणसाला पट्टीही लिहायची असते आणि फोनही घ्यायचा असतो. चूक तिथे होते.

म्युनिकची रात्र. दहाच्या सुमारास ओलीस आणि हल्लेखोर यांना बसने आणि मग दोन हेलिकॉप्टरांतून फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळाकडे नेलं. हल्लेखोर आठ, पोलिसांचे नेमबाज पाच, आणि त्या पाचांकडे एकमेकांशी बोलायला वायरलेस नाही. चिलखती गाड्या गर्दीत अडकून उशिरा पोचल्या. आणि कंट्रोल रूमकडे विमानतळाच्या आतलं एकही चित्र नाही.

दिवसभर चित्रांनी भरलेली खोली अचानक आंधळी होते. उरतात ते आवाज: फोन, रेडिओ, मारियानचा कान. मध्यरात्रीच्या सुमारास बातमी येते की सगळे ओलीस सुटले. जर्मन सरकारचे प्रवक्ते कॉनराड आलर्स यांनीही मोहीम यशस्वी झाल्याचं सांगितलं होतं. म्हणजे स्रोत सरकारी होता, अधिकृत होता, आणि तरी त्यामागे पाहिलेलं काहीच नव्हतं. सिनेमात खोलीत वाद होतो. एक जण म्हणतो दुसरा दुजोरा येऊ दे. कंट्रोल रूम सांभाळणारा तरुण जेफ्री मेसन थांबायला तयार नाही. शेवटी मधला मार्ग निघतो: ‘आमच्या कानावर येतंय’ अशा शब्दांत सांगायचं. म्हणजे ‘म्हणे’ लावायचं. पण निवेदकाच्या तोंडचं ते ‘म्हणे’ प्रेक्षकापर्यंत पोचत नाही. दिवसभर श्वास रोखून बसलेल्या माणसाला ‘सुटले’ एवढंच ऐकायचं असतं. खोलीत लोक एकमेकांना मिठ्या मारतात, बाटल्या उघडतात. शंकेचा शब्द उच्चारला म्हणून जबाबदारी संपत नाही, हे मला या प्रसंगाने शिकवलं. ‘सूत्रांची माहिती’ आणि मथळ्यापुढचं प्रश्नचिन्ह ही आजची दोन रूपं आहेत, आणि दोन्ही तितकीच पोकळ. ‘म्हणे’ला वजन यायचं तर त्याच्याबरोबर कोण म्हणतंय, त्याने स्वतः पाहिलं का, आणि आपला माणूस त्या क्षणी किती लांब उभा आहे, हे तिन्ही सांगावं लागतं. ‘विमानतळाच्या फाटकाबाहेर आमची प्रतिनिधी आहे, तिला आत सोडलेलं नाही, सुटकेची बातमी सरकारी प्रवक्त्याची आहे’ असं म्हणायला दहा सेकंद लागतात.

पहाटे तीन वाजून चोवीस मिनिटांनी निवेदक जिम मॅके यांनी जगाला सांगितलं की सगळे गेले. सिनेमात मॅके यांचं मूळ चित्रणच वापरलंय. नऊही ओलीस मारले गेले होते; आदल्या पहाटेचे दोन धरून अकरा इस्रायली, शिवाय एक जर्मन पोलीस आणि हल्लेखोरांतले पाच. तोपर्यंत काही वृत्तपत्रांची पहिली पानं ‘ओलीस सुटले’ या मथळ्यानिशी छापून बाहेर पडली होती.

तीन वाजून चोवीस मिनिटं. बेळगावातही हीच गठ्ठे बांधायची वेळ. छापखान्याच्या दारात गाड्या लागलेल्या असतात, पोरं सुतळीने गठ्ठे आवळत असतात, वरच्या कागदावर निळ्या शाईने गाव लिहिलेलं असतं: चिकोडी, निपाणी, बैलहोंगल. खानापूरची गाडी सगळ्यांच्या आधी सुटते. पानात चूक आहे असा फोन त्या वेळी आला, तर यंत्र थांबवता येतं, छपाईची पाटी बदलता येते, उरलेल्या गावांना दुरुस्त अंक देता येतो. खानापूरची गाडी तोवर जांबोटीच्या फाट्यापाशी पोचलेली असते.